परदेशी इंटर्न मित्रांसोबत इंदूरहून भारत बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या राजेंद्रनगरच्या घरी वरच्या मजल्यावर परदेशी विद्यार्थी राहायला असतात. इंदूरच्या कंपन्यांत आणि संस्थांत ते इंटर्नशिप करतात, कुणी दोन महिने, कुणी सहा. त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी आपली मराठी मुलं-मुली, त्यांचे आईबाबा, आणि नुकतीच खोली भाड्याने द्यायला लागलेली ओळखीची मंडळी मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे: आधी जवळचं बघा, आणि जिथे जाल तिथे किमान एक रात्र राहा.

दोन महिन्यांत भारत बघून होतो का?

नाही. आणि हे मुलांना पहिल्याच आठवड्यात प्रेमाने सांगून टाकावं. बहुतेक ग्रुपची यादी सारखीच असते: ताजमहाल, जयपूर, वाराणसी, गोवा, केरळ आणि जमलंच तर हिमालय. नकाशावर इंदूर मधोमध दिसतं, त्यामुळे सगळं हाताशी आहे असं त्यांना वाटतं. पण इथून दिल्ली रात्रभराच्या प्रवासावर, मुंबईही तशीच. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघून सोमवारी सकाळी परत कामावर बसायचं असेल, तर वाराणसीच्या प्रवासात माणूस वाराणसीपेक्षा रेल्वेचा डबाच जास्त बघतो.

मी सुचवते ते असं. शनिवार-रविवार माळवा आणि निमाडसाठी ठेवायचे, आणि इंटर्नशिप संपल्यावर आठ-दहा दिवसांचा एकच मोठा प्रवास, तोही एकाच दिशेने. बाकीचा भारत पुढच्या खेपेसाठी राहू द्यावा.

पहिली सहल कुठे न्यावी?

महेश्वरला. यावर मी ठाम आहे.

इंदूरहून साधारण ९५ किलोमीटर. आग्रा-मुंबई रस्त्याने धामनोदपर्यंत बस मिळते, तिथून महेश्वरला दुसरी. सहा-सात जण असतील तर ड्रायव्हरसह गाडी करणं सोपं पडतं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात इथूनच राज्य चालवलं. किल्ल्यातला त्यांचा वाडा बघून परदेशी मुलं नेहमी थबकतात, कारण राणीचा महाल म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे झुंबरं येतात, आणि इथे लाकडी खांब, साधं अंगण आणि गादी-तक्क्याची बैठक. एवढ्या साधेपणाने कुणी एवढं राज्य चालवलं, काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं आणि घाट बांधले, हे त्यांना सांगताना मला अजूनही भरून येतं. आपल्या मुलांनीही जाण्याआधी अहिल्याबाईंविषयी थोडं वाचून जावं, कारण पाचवीच्या पुस्तकातल्या चार ओळींवर पुढच्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत.

किल्ल्यातच माग चालतात. होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी सुरू केली आणि बंद पडत चाललेल्या महेश्वरी विणकामाला पुन्हा काम मिळालं. विणकर बायका कामात असतील तर लांबून बघावं, फोटो विचारून काढावा. माहेश्वरी साडीच्या काठातली नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातही शोधता येते. डिझाइन किंवा आर्किटेक्चर शिकणारी मुलं असतील तर त्यांना इथून हलवणं कठीण.

मुक्काम मात्र करायलाच हवा. दिवसा येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना महेश्वरचा घाट गर्दीचा वाटतो. पहाटे तिथे नर्मदेत अंघोळ करणारी माणसं, भांडी घासणाऱ्या बायका, पलीकडे जाणारी एखादी नाव एवढंच असतं. पाण्याशी मात्र जपून. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी वाढते. पोहता येणाऱ्यांनाही स्थानिक नावाड्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू देऊ नका.

मांडूला पावसातच का जायचं म्हणतात?

कारण पावसाळ्यात मांडूचे तलाव भरतात. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधला जहाज महाल तेव्हाच जहाजासारखा दिसतो. उन्हाळ्यात तीच वास्तू चांगली असते, पण दगड तापलेले आणि तलाव आटलेले. जूनमध्ये येणाऱ्या मुलांना मी जुलैच्या मध्यापर्यंत थांबायला सांगते.

होशंगशाहचा मकबरा चुकवू नका. पंधराव्या शतकातली ही संगमरवरी वास्तू. १६५९ साली मुघल दरबारचे वास्तुकार, त्यांत ताजमहालाच्या बांधकामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते उस्ताद हामिद, इथे येऊन गेल्याचा शिलालेख तिच्या दारापाशी आहे. ताजमहाल बघायला निघालेल्या मुलांनी आधी हा मकबरा बघितला, तर आग्र्याला त्यांचे डोळे वेगळं काही शोधतात. रूपमती मंडपावरून स्वच्छ दिवशी नर्मदेची रेघ दिसते. पावसाळ्यात बहुधा ढगच दिसतात, पण तेही बघण्यासारखे.

एक गोष्ट आफ्रिकेतून आलेल्या मुलांना हमखास आवडते. मांडूत रस्त्याच्या कडेला जाडजूड बुंध्याची जी झाडं दिसतात ती गोरखचिंच, म्हणजे त्यांच्याकडचं बाओबाब. तिथले लोक त्यांना खुरासानी इमली म्हणतात आणि फळं टोपलीत विकायला बसतात. आमच्याकडे राहिलेली एक मुलगी त्या झाडाला टेकून बराच वेळ घरी व्हिडिओ कॉल करत उभी होती.

बसने जायचं तर गंगवाल बसस्थानकावरून धार, आणि धारला बस बदलून मांडू. धारमध्ये उतरलाच आहात, तर आपल्या पवारांच्या या जुन्या संस्थानी गावात जेवून पुढे जा.

उज्जैन आणि ओंकारेश्वर?

उज्जैन तासा-दीड तासावर आहे, त्यामुळे ते होतंच. महाकालच्या पहाटेच्या भस्म आरतीसाठी आधी नोंदणी लागते, ओळखपत्र लागतं आणि पोशाखाचे नियम असतात. मंदिराच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचे नियम बघूनच मुलांना शब्द द्या. धार्मिक विधी बघायची प्रत्येकाची तयारी असते असं गृहीत धरू नका. कुणाच्या धर्मात ते बसत नाही, कुणाला गर्दीत गुदमरतं. त्यांच्यासाठी सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली बघून वेळ काढायची आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायची. इंजिनिअरिंगची मुलं तिथे तासभर सहज रमतात.

ओंकारेश्वरची बेटाची परिक्रमा, सुमारे सात किलोमीटर, सकाळी लवकर करा. पिशवीत खाणं उघडं ठेवू नका, माकडं आहेत.

स्मारकांवर परदेशी मुलांना वेगळं तिकीट का? त्यांना वाईट वाटतं.

वाटतं, खरं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांचे दर ठरलेले आहेत. मांडूसारख्या ठिकाणी भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी पर्यटकांना ३००. सांची, भीमबेटकासारख्या जागतिक वारसा स्थळी ४० आणि ६००. ताजमहालाला ५० आणि १,१००, आणि मुख्य मकबऱ्यात जायचं तर वर आणखी २०० सगळ्यांनाच. ऑनलाइन घेतलं तर थोडी सूट मिळते. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा सार्क देशांच्या आणि थायलंड, म्यानमार या बिमस्टेक देशांच्या नागरिकांना मांडू-सांचीला भारतीय दर लागतो. ताजला त्यांचा मधला दर आहे, ५४० रुपये. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा. नेपाळी मुलगा खिडकीवर गप्प उभा राहून ३०० रुपये भरतो, असं होऊ देऊ नका.

मांडूत वेगवेगळ्या वास्तुसमूहांना वेगळी तिकिटं आहेत, त्यामुळे दिवसाचा खर्च आधी सांगून ठेवा. दरातला फरक खिडकीपाशी पहिल्यांदा कळला की मन खट्टू होतं. घरून निघतानाच सांगितलं तर कुणी तक्रार करत नाही. आणि “तू भारतीय म्हणून आत घुसून जा” असला सल्ला कृपया देऊ नका. पकडलं गेलं तर अपमान त्या मुलाचा होतो, सल्ला देणाऱ्याचा होत नाही.

रेल्वेचं तिकीट कुणी आणि कधी काढायचं?

लवकर. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस होतं. परदेशी पर्यटकांसाठी काही गाड्यांत वेगळा कोटा असतो आणि तो ३६५ दिवस आधी उघडतो. त्यासाठी त्यांना स्वतःच्या परदेशी मोबाइल क्रमांकावरून आयआरसीटीसीचं खातं काढता येतं. एका तिकिटावर सहा जण बसतात, तत्कालमध्ये चारच.

तत्कालची एक अडचण लक्षात ठेवा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काल काढायला आधारशी जोडलेलं खातं लागतं. परदेशी मुलांकडे ते नसतं, म्हणजे ऐनवेळी सगळा भार आपल्या मुलावर येतो. आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं तत्काल उघडतं, आणि तेव्हा तो ऑफिसात मीटिंगमध्ये असतो. म्हणून तत्कालवर विसंबून बेत आखू नका.

वेटिंग आणि आरएसी समजावून सांगा, शक्य तर कागदावर काढून. ऑनलाइन तिकीट शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल तर चढता येतं, पण एकाच साइड बर्थवर दोघांनी बसून जायचं. अनोळखी माणसाबरोबर रात्रभर अशी बसायची वेळ एखाद्या मुलीवर येणार असेल, तर तिला ते आधी माहीत असायला हवं आणि नको म्हणायची मुभा हवी.

स्लीपर की एसी? पहिल्या प्रवासाला थ्री एसी घ्या. एकदा सवय झाली की ऑक्टोबर ते फेब्रुवारी स्लीपरमध्ये जरूर न्या. खिडकी उघडी, स्टेशनावरचा चहा, समोरच्या कुटुंबाने पुढे केलेला पराठा आणि “तुमच्या देशात काय खातात” ही चौकशी. मुलं घरी परत गेल्यावर ज्या आठवणी लिहून पाठवतात, त्यांत हा डबा असतोच. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं की नाही, हा प्रश्न योग्य आहे. एकटं असताना नको. ग्रुपमध्ये, कुटुंबाच्या डब्यातलं, सगळे खात असताना, हो.

मूळ पासपोर्ट प्रवासात लागतो, फोटोकॉपी चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास उशिरा धावतात, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका.

परदेशी पाहुणा घरी राहिला तर पोलिसांत कळवावं लागतं का?

हो. परदेशी व्यक्तीला राहायला ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची असते, मग ते हॉटेल असो, होमस्टे असो की तुमची वरची खोली. सगळे त्याला फॉर्म सी म्हणत आले आहेत. नोंद करायला पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो लागतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर मुलालाही आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. ते काम त्याची कंपनी किंवा संस्था समजावून सांगते, पण तुम्ही विचारून खात्री करा.

याचा प्रवासाशी थेट संबंध आहे. लहान गावातली पुष्कळ लॉज परदेशी पाहुण्यांची नोंद करत नाहीत, आणि रात्री दहा वाजता दारातून परत पाठवतात. खोली ठरवताना फोनवर सरळ विचारा, “परदेशी पाहुणे चालतात ना?” ॲपवर बुकिंग झालं म्हणजे झालं, असं समजू नका.

खाण्याचं काय? आमच्याकडे सगळ्यात शेंगदाणे असतात.

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण इथे खरोखर जीव जाऊ शकतो. परदेशात शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत कूट, पोह्यांत शेंगदाणे, भाजीत कूट, चटणीत कूट, आणि कधी तळायला शेंगदाणा तेल. “थोडंसंच घातलंय” हे उत्तर चालत नाही. अशा मुलाबरोबर त्याचं इंजेक्शन असतं. ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं, हे बरोबरच्या दोघांना तरी यायला हवं. हिंदीत एक कार्ड लिहून द्या: मला मूंगफली आणि तिचं तेल चालत नाही, जीवाला धोका आहे. ते त्याने प्रत्येक ठेल्यावर दाखवावं.

गहू न चालणाऱ्यांसाठी हिंग बघा. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, त्यामुळे वरणभातही त्यांना बाधू शकतो. वीगन मुलांना तूप, दही, ताक आणि दुधाचा चहा चालत नाही. पोळीला तूप लावायच्या आधी विचारा.

बाकीच्यांसाठी इंदूर म्हणजे आनंदच. पहिला आठवडा तव्यावरून थेट पानात येणारं गरम तेवढंच द्या: पोहे-जिलबी, कचोरी, भुट्ट्याचा कीस. पोह्यांवर जिरावन, म्हणजे इथला तिखट मसाला, आधी थोडंच भुरभुरा. कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा, कच्ची चटणी नंतर. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर रात्री नऊनंतर ठेले लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी न्या, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. थंडीत आलेल्यांना गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, खाल्ल्याशिवाय जाऊ देऊ नका.

आणि पानात वाढताना आग्रह एकदाच. “नको” म्हणाल्यावर पुन्हा वाढलं की ती मुलं संकोचाने संपवतात आणि रात्रभर तळमळतात.

पोट बिघडलं किंवा कुत्रा चावला तर?

पोटासाठी ओआरएस. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने घालायचं नाही. ताप, रक्त, किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर डॉक्टर, आणि त्या दिवशीचा प्रवास रद्द.

कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. त्वचा फाटून रक्त आलं असेल तर डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिनही देतात. लसीचे डोस पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असे असतात, म्हणून पुढचा सगळा प्रवास या तारखांभोवती बसवावा लागतो. इंजेक्शन कुठे मिळेल, हे त्या त्या गावच्या सरकारी दवाखान्यात विचारा. “घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही” असं सांगणारं कुणीतरी भेटतंच, ऐकू नका.

लोक फोटोसाठी घेरतात. काय करावं?

आपल्या मुलांचं खरं काम इथे सुरू होतं. मांडूला किंवा इंदूरच्या राजवाड्यासमोर एखादी सोनेरी केसांची मुलगी दिसली की पाच मिनिटांत रांग लागते. पहिला फोटो हसून काढला जातो, दहाव्याला ती रडकुंडीला येते. गाडीतून उतरायच्या आधीच तिला विचारून ठेवा: आज फोटो चालतील का, किती वेळ? नको असेल तर आपल्या मुलाने पुढे होऊन हिंदीत शांतपणे सांगावं, “भैया, बस, अब नहीं।” तिने स्वतः नकार दिला तर लोक हसण्यावारी नेतात, आपण दिला तर थांबतात. लहान मुलांचे फोटो चोरून काढणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही हाच नियम सांगा. आईला विचारून मगच.

काळ्या वर्णाच्या मुलांचा अनुभव याहून कडू असतो, आणि तो आपण ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. दुकानात कुणीतरी शेरा मारतो आणि भाषा कळत नसली तरी स्वर कळतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडूनही रंगावरून काहीबाही निघतं. मी आमच्या घरात सरळ सांगून ठेवलंय, की असं बोललेलं मी खपवून घेणार नाही. प्रवासात कुणी बोललं, तर आपल्या मुलाने भाषांतर करून सांगावं की नाही? विचारलं तर खरं सांगावं. “काही नाही, असंच” असं म्हणून त्याला अंधारात ठेवलं की त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो.

मुलामुलींचा एकत्र ग्रुप असेल तर घरून कसं पाठवायचं?

हा प्रश्न आईबाबांचा, आणि तो मला फोनवर हळू आवाजात विचारला जातो. माझं उत्तर: बेत बघा, माणसं बघा, आणि मग विश्वास ठेवा. कोण कोण जातंय, कुठे राहणार, परत कधी, हे कागदावर घ्या. मुलींसाठी वेगळी खोली असेल का, हे त्यांनाच ठरवू द्या. प्रौढ स्त्री-पुरुषांनी एका हॉटेलात उतरायला कायद्याने बंदी नाही, पण काही हॉटेलांचे स्वतःचे नियम असतात, म्हणून आधी विचारलेलं बरं. रात्री घाटातून गाडी आणायची नाही, एवढी एकच अट मी घालते आणि ती मागे घेत नाही. उशीर झाला तर तिथेच राहा, सकाळी या. कार्यालयाला मी स्वतः फोन करून सांगेन.

दारू, व्हेप, ड्रोन?

मध्य प्रदेशात दारूसाठी वय २१. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या १९ धार्मिक गावा-शहरांत विक्री बंद आहे. त्यांत उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर येतात. गुजरातेत दारूबंदीच. व्हेप, म्हणजे ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने देशभर बंदी आहे, आणि पुष्कळ मुलांच्या खिशात ती असते. परदेशी नागरिकांनी ड्रोन उडवू नये. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा ट्रेकिंगचं उपग्रह-संदेश यंत्र बाळगणं गुन्हा ठरू शकतो, हे हिमालयात जाणाऱ्यांना आवर्जून सांगा.

पैशांचा हिशेब कसा ठेवायचा?

एकाने यूपीआयने भरायचं, बाकीच्यांनी त्याला रोख द्यायची, आणि रोज रात्री झोपायच्या आधी हिशेब. आठवडाभर साठवला तर भांडण होतं. आपल्या मुलाकडे एवढे पैसे अडकून राहणार असतील तर आधी थोडी रोख गोळा करा. गाडी, खोली, ड्रायव्हरचं जेवण आणि रात्रीचा भत्ता सगळ्यांत सारखा. प्रवेशतिकीट ज्याचं त्याने. खोलीच्या दर्जावर सगळ्यात कमी पैसे असलेल्याचं मत शेवटचं मानावं. आपली मुलं स्टायपेंडवर असतात आणि लाजेने बोलत नाहीत.

आमचा मुलगा सगळ्यांचा गाईड होऊन बसलाय. त्यालाही सुट्टी हवी ना?

हवीच. ग्रुपमध्ये हिंदी येणारा एकटाच असला की रिक्षा त्याने ठरवायची, मेनू त्याने वाचायचा, औषध त्याने आणायचं, आणि मूर्तीला इतके हात का हेही त्यानेच सांगायचं. दुसऱ्या दिवशी तो चिडतो आणि कुणाला कारण कळत नाही. कामं वाटून द्या. गाडीच्या ड्रायव्हरशी बोलायचं काम एखाद्या जर्मन मुलाला द्या, मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना. आकडे, “कितना”, “बस”, “पानी”, “धन्यवाद” एवढं आठवड्यात येतं. मांडूला आणि सांचीला परवानाधारक गाईड घ्या. ते पैसे सत्कारणी लागतात, आणि त्या दिवशी आपल्या मुलालाही नुसतं बघायला मिळतं.

दुसऱ्या बाजूनेही बघा. परदेशी मुलाला विचारा, तू तुझ्या गावात आम्हाला काय दाखवशील? संध्याकाळी घाटावर बसून प्रत्येकाने आपापल्या गावचं सांगितलं, की आपला मुलगा यजमान राहत नाही, सोबती होतो.

शेवटचा मोठा प्रवास कुठला?

दोन वाटा सांगते, एकच निवडा.

उत्तरेची वाट: भोपाळ, तिथून सांची आणि भीमबेटका, मग ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. ही सगळी एकाच मुख्य रेल्वेमार्गाभोवती आहेत. इंदूरहून जाणारी मालवा एक्सप्रेस याच बाजूने दिल्लीला जाते. सांचीचा स्तूप अशोकाच्या काळातला, १९८९ पासून जागतिक वारसा. भीमबेटक्याची चित्रं १९५७ साली उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगापुढे आणली. रेल्वेतून जाताना त्यांना ते खडक दिसले होते. आपल्या माळव्यातल्या मराठी माणसाची ही गोष्ट मुलांना खडकासमोर उभं राहून सांगा. ताज शुक्रवारी बंद असतो, त्याप्रमाणे दिवस लावा.

दक्षिणेची वाट मला जास्त प्रिय आहे: खंडव्यावरून बुऱ्हाणपूर, मग अजिंठा, वेरूळ, आणि वाटलं तर पुढे पुणे-मुंबई. मुमताजचा मृत्यू १६३१ साली बुऱ्हाणपुरात झाला आणि तिचं पहिलं दफनही तिथलंच. ताजमहाल आग्र्याला आहे, पण त्याची सुरुवात तापीकाठच्या या गावात झाली. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे पाठच करून ठेवा. वेरूळच्या कैलासासमोर मुलं बोलायची थांबतात. गर्दी कमी, अंतरं आवाक्यातली, आणि महाराष्ट्रात शिरल्यावर आपल्या मुलाला अचानक मराठी पाट्या दिसायला लागतात, त्याचा त्याला होणारा आनंद परदेशी मित्रांनाही कळतो.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, न्यावं का?

मार्चमध्ये असतील तर हो, पण राजवाड्याजवळच्या कुणाच्या तरी ओळखीच्या गॅलरीत. खाली गर्दीत नको, मुलींना तर अजिबात नको. जुने कपडे, केसांना तेल, डोळ्यांना चष्मा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

घरात कोणते नियम सांगावेत?

आल्या दिवशी तीनच: चपला बाहेर, देवघरात विचारून, आणि ओला-सुका कचरा वेगळा. तिसऱ्याचं त्यांना फार कौतुक वाटतं. सकाळी कचरा गाडीचं गाणं ऐकू आलं की ती मुलंच डबे घेऊन खाली धावतात. बादली-मग आणि गिझर कसा वापरायचा तेही दाखवा. लाजेने विचारत नाहीत.

प्रवासाच्या मधेच कुणी “मी एकटा पुढे जातो” म्हणाला तर?

जाऊ द्यावं. आठ दिवस रोज एकत्र राहून माणसं थकतात, त्यात भांडणच झालं असेल असं नाही. फक्त पुढचे मुक्काम आणि गाडी क्रमांक ग्रुपवर लिहून घ्या, पासपोर्ट-व्हिसाचे फोटो दुसऱ्या एकाच्या फोनवर असू द्या, आणि हे क्रमांक त्याच्याकडे कागदावर द्या, कारण फोनच हरवतो: आपत्कालीन ११२, रेल्वे १३९, पर्यटकांसाठी परदेशी भाषांत बोलणारी हेल्पलाइन १३६३. त्याच्या देशाच्या दूतावासाचा आणि विमा कंपनीचा क्रमांक त्याच कागदावर. रोज रात्री एक मेसेज, पोहोचलो म्हणून. मेसेज आला नाही तर सकाळी दहापर्यंत थांबून हॉटेलला फोन करा, आणि तिथेही नसेल तर ११२.